हळदीवरचा काळा-पांढरा थर

भैय्यालालच्या डोक्यात रत्नमाला पहिल्यांदा बसली ती ग्रुप फोटोची ओळ मोडल्यामुळे.

अंकुशचं लग्न होतं, सानगडीच्या बुद्धविहारासमोर. नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, नवरी पांढऱ्या साडीत, दोन्हीकडची निम्मी माणसं पांढऱ्यात आणि मागे विहाराची नुकतीच चुना मारलेली भिंत. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. भैय्यालालनं घसा बसेपर्यंत ओरडून सगळ्यांना उभं केलं होतं. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं खाली सतरंजीवर, बाकीचे मागे. कॅमेऱ्याला डोळा लावतो न लावतो तोच मधल्या ओळीतून एक सडपातळ, चष्मेवाली मुलगी बाहेर पडली आणि सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागे ओळ विस्कटली. पोरं उठून पळाली.

"काका, मांगची भिंत पांढरी, समोरचे कपडे पांढरे. फोटोत नुसती मुंडकी दिसतीन."

"तू कोण व?"

"नवरदेवाची मामेबहीण. करडीची."

"मंग मामेबहिणीवानी उभी राय ना बापा! तू जन्माले याच्या आधीपासून फोटो काढून राहिलो मी."

"त्या आंब्याखाली घ्या ना. सावली आहे."

"आंब्याखाली घेतला तं विहार कसा दिसन? नवरदेवाच्या बापानं विहार पायजे म्हणून सांगतलं."

चष्मा पुसत ती परत ओळीत गेली. पण जाताना तिनं मान अशी हलवली, जशी पोराचं गणित चुकलेलं पाहून आईनं हलवावी. ती हललेली मान भैय्यालालला पुढे कित्येक दिवस खुपत राहिली. खुपण्याचं कारण म्हणजे फोटो छापून आला तेव्हा त्यात खरोखरच नुसती मुंडकी होती. पांढऱ्याशुभ्र उजेडात वऱ्हाड्यांचे चेहरे तरंगत होते आणि खाली कोणाला अंग म्हणून नव्हतं. अंकुशच्या वडिलांनी अल्बम नेला. विहाराच्या मोहल्ल्यातली पुढची लग्नं साकोलीच्या फोटोवाल्याकडे गेली.

भैय्यालालचा स्टुडिओ सानगडीत बाजाराच्या रस्त्यावर. दुकानामागेच घर. त्यानं हा धंदा काळ्या-पांढऱ्याच्या काळात सुरू केला होता. मागच्या खोलीला काळे पडदे लावून, लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत त्यानं अर्ध्या तालुक्याची लग्नं धुतली होती. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा त्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्या खोलीत बायकोनं, कलाबाईनं, धानाची पोती रचली आणि ट्रे अंगणात नेऊन त्यांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. मग भंडारा जिल्हा फुटून त्याचे दोन झाले. अर्जुनीकडची त्याची जुनी गिऱ्हाइकं एका रात्रीत परजिल्ह्यातली झाली, पण लग्न आलं की जिल्हा ओलांडून त्याच्याकडेच येत राहिली. त्यानंतर फिल्मही गेली आणि कॉम्प्युटर आला. तिथं मात्र भैय्यालालचा हात थांबला. फोटो तो काढायचा. कॉम्प्युटरवर अल्बम लावायला त्यानं माणूस ठेवला होता, तो नागपूरला निघून गेला आणि लग्नांचे फोटो कॉम्प्युटरच्या फोल्डरांत, म्हणजे भैय्यालालच्या भाषेत डब्यांत, साचत राहिले.

अशा वेळी दिवाळीनंतर एका सकाळी तीच चष्मेवाली दुकानाच्या पायरीवर उभी.

"काका, तुमच्याकडं कॉम्प्युटरवर बसाले माणूस पायजे म्हणते."

भैय्यालालनं तिला ओळखलं. "माणूस पायजे. ओळ मोडणारी नाही पायजे."

"आता कुठं ओळ आहे? आता तं नुसते डबे साचून राहिले."

आतून कलाबाई हसली आणि तिथंच त्याची बाजू पडली. रत्नमाला गजभिये भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकली होती, नागपुरात एका अल्बमच्या लॅबमध्ये काही दिवस होती. मोठी बहीण सरिता सानगडीत दिलेली, तिच्याकडे राहायला आली होती. कलाबाईनं सगळं विचारून घेतलं आणि चहा टाकला. भैय्यालालला कोणी काही विचारलं नाही.

तिचं काम पाहून त्याचं डोकं उठायला फार वेळ लागला नाही.

फोटो उघडला की ती आधी त्यावर एक काळा-पांढरा थर टाकायची. चांगला लालभडक शालू, हिरवा चुडा, सगळं क्षणात राखाडी. भैय्यालाल मागच्या स्टुलावर बसून पाहत असायचा. राखाडी नवरी पाहिली की तो स्टूल पुढे ओढायचा.

"रंग काहून काढला?"

"परत टाकतो ना काका."

"टाकाचाच आहे तं काढला कायले?"

यावर ती खुर्ची वळवून समजावून सांगायची. दर वेळी पहिल्यापासून, आणि तेवढ्याच शांतपणे. तो जास्त चिडायचा तो या शांतपणानं. वरच्या थरात रंग नाही, फक्त उजेड आणि सावली. खालच्या फोटोत रंग आहे. वरचा थर खालच्यात विरघळवायचा. उजेड-सावली वरची घ्यायची, रंग खालचा घ्यायचा. मग गालाला गोलाई येते, नथीला धार येते, शालूच्या निऱ्या सुट्या दिसतात. शिवाय वरच्या थरात प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. लाल पट्टी वर सरकवली की फोटोत जे जे लाल ते उजळतं, खाली ओढली की गडद होतं. पिवळ्याचं तसंच, हिरव्याचं तसंच. चेहरा वेगळा, साडी वेगळी, मांडव वेगळा.

"म्हणजे डार्करूमच," भैय्यालाल म्हणाला.

"हाव जी. डार्करूमच."

"अवो, ते सोडून कवाचे वर्षं झाले मले! कॉम्प्युटर आणला कायले मंग? ट्रे बाहेर आहेत, सांबार उपटून देऊ का?"

खरं तर तिचं काम झालेला फोटो पाहिला की त्याला बोलायला जागा राहत नसे. सपाट, फिकट चेहरा कागदातून अर्धा इंच वर आल्यासारखा वाटे. गिऱ्हाइकांनी "गोरं करा, गोरं करा" म्हणून जीव खाल्ला तरी ती चेहऱ्यावर पांढरं फासत नसे; सावळ्या पोरीला सावळीच ठेवून असा उजेड द्यायची, की पोरीची आई फोटो पाहून गप्प व्हायची. पण वेळ! एकेका फोटोवर ती अशी बसायची जसं जगात दुसरं लग्नच लागणार नाही. त्यात दिवसातून दोनदा लाइन जायची. यूपीएस टीं-टीं करायला लागला की भैय्यालाल ओरडायचा, "जतन कर, जतन कर!" आणि ती म्हणायची, "एक मिनिट, नाकाची सावली राहिली."

गिऱ्हाइकं येऊन भैय्यालालच्या डोक्यावर बसायची. यादोराव तर आठवड्याच्या बाजारी नेमानं यायचा.

"भैय्याभौ, अल्बम झाला का?"

"होऊन राहिला."

"माह्या घरी पोरगं झालं गा."

"अरे वा! कवा?"

"बारसं होऊन गेलं. पोरगं आलं, अल्बम नाही आला. आता असं करा, पोराचा फोटो बी त्यातच टाकून द्या, लोक इचारतीन तेवढं मी पाहून घेईन."

भैय्यालाल आत जाऊन रत्नमालेवर ओरडला. तिनं ऐकून घेतलं आणि यादोरावच्या बायकोच्या पैंजणाची सावली नीट करायला घेतली.

तिनं पहिल्यांदा स्वतःहून हट्ट धरला तो अंकुशच्या फोटोंसाठी. कोणी मागितले नव्हते, जुना अल्बम देऊन झाला होता. तरी तिनं ते बाहेर काढले. बाहेरचा मुंडक्यांचा फोटो तिलाही सुधारता आला नाही. जिथं काही उतरलंच नाही तिथं सावली आणणार कुठून? पण विहाराच्या आतले फोटो होते. व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनमुळे सगळ्या पांढऱ्यावर पिवळी झाक आलेली, नवरीची साडी म्हणजे एक सपाट चादर. रत्नमालेनं काळ्या-पांढऱ्या थरातली पिवळी पट्टी खाली ओढली. पिवळी झाक जिथं होती तिथं सावली धरली, आणि साडीची एकेक निरी मोकळी झाली. काठावरची बारीक निळी नक्षीसुद्धा दिसायला लागली. मग तिनं तोच क्रम एका बटणात साठवून ठेवला. बटण दाबलं की डब्यातले सगळे फोटो त्याच पद्धतीनं एकामागून एक होऊन निघायचे. बटणाला तिनं नाव दिलं, अंकुश.

अंकुशच्या वडिलांनी नवे फोटो पाहिले. पुढच्या महिन्यात त्या मोहल्ल्यातलं लग्न भैय्यालालकडे आलं, आणि त्यानंतरचंही. भैय्यालालला या सगळ्यातून एकच गोष्ट पटली: बटण नावाची एक चांगली चीज आहे.

"असं बटण आहे तं रोज कायले वापरत नाही व तू?"

"हे पांढऱ्या कपड्याचं आहे काका. दुसऱ्याले नाही चालत."

"फोटो म्हणजे फोटो. पांढरा का, लाल का."

तिनं मान परत तशीच हलवली.

त्या उन्हाळ्यात साकोलीच्या पुष्पाबाईच्या थोरल्या मुलाचं, इश्वरचं, लग्न झालं. हे काम भैय्यालालला साधं नव्हतं. पुष्पाबाईचा धाकटा मुलगा दूध डेअरीत सुपरवायझर होता. वयानं चांगला मोठा, तरी अख्खी साकोली त्याला गोलूच म्हणायची. त्याच्यासाठी भैय्यालालच्या मुलीचं, डिंपलचं, नाव निघालं होतं. मुलानं मुलीला पाहिलं होतं, मुलीनं मुलाला. डिंपल त्या दिवसापासून आरशासमोरून हलत नव्हती. दोघांचे होकार होते, राहिला होता पुष्पाबाईचा शब्द. आणि पुष्पाबाई हातची काही लवकर सोडणारी नव्हती.

"इश्वरचा अल्बम येऊ द्या," ती म्हणाली होती. "घरात पहिलं कार्य झालं, ते डोळे भरून पाहू द्या मले. मंग बसू बोलणीले."

म्हणजे डिंपलचं लग्न अल्बमवर अडलं. आणि अल्बम रत्नमालेवर.

रत्नमालेनं मांडवाचे, लग्नाचे, वरातीचे फोटो पुरे केले. सुंदर केले. हळदीचे तेवढे राहिले. तेवढ्यात करडीहून निरोप आला. तिची आई धुरपता धानाच्या बांधीत घसरून पाय मुरगळून बसली होती, आणि रोवणं, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आलं होतं.

"रोवणं करून येतो काका," ती म्हणाली. "हळदीच्या फोटोले हात लावू नका. ते शेवटी ठेवले मी, त्याचं वेगळं पाहाले लागते."

"किती दिवस?"

"पाणी पडन तसं."

पाणी पडत राहिलं आणि रोवणं लांबत गेलं. पुष्पाबाईचे फोन लांबले नाहीत. आधी दोन दिवसांआड, मग रोज. "भैय्याभाऊ, सून माहेरी जाऊन आली, आषाढ आला, अल्बम कुठं आहे?" शेवटी एकदा ती म्हणाली, "तुमच्या मनात नसन तं तसं सांगा. गोलूले आमगावचं एक स्थळ आहे." तो फोन कलाबाईनंही ऐकला. डिंपलनंही ऐकला असावा, कारण त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैय्यालाल स्वतः कॉम्प्युटरसमोर बसला. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग परत कपाळावर. हळदीचा डबा त्याला सापडला. बटणांची रांगही सापडली. त्यातलं एकच नाव त्याच्या ओळखीचं होतं. अंकुश. त्यानं रत्नमालेला ते दाबताना शंभरदा पाहिलं होतं. त्यानं दाबलं, आणि फोटो भराभर पुढे सरकायला लागले. राखाडी, रंगीत, राखाडी, रंगीत. अर्धे झाले असतील तेव्हा लाइन गेली आणि यूपीएस टीं-टीं करायला लागला. भैय्यालालनं देवाचं नाव घेतलं. शेवटचा फोटो होईपर्यंत यूपीएस टिकला. पडद्यावर फोटो नखाएवढे दिसत होते. नखाएवढ्या फोटोत पिवळं ते पिवळंच दिसलं.

"पाहा," तो कलाबाईला म्हणाला. "एवढंसं काम. ते पोट्टी उगाच गोंजारत बसते."

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ डीव्हीडी दिली. आठवडाभरात अल्बम तयार होऊन आला. जाड, चकचकीत, पेटीत बंद. पेटी आपण फोडायची नाही, पुष्पाबाईच्या हातानंच उघडू द्यायची, हे कलाबाईचं म्हणणं. शुभ दिसतं.

साकोलीला पुष्पाबाईच्या बैठकीत पेटी पाटावर ठेवली. पुष्पाबाईनं तिला कुंकू लावलं. गोलूनं कॅमेऱ्याबद्दल दोन प्रश्न विचारले, दोन्ही भैय्यालालच्या डोक्यावरून गेले. सुनेनं पाणी आणलं आणि पदर सावरत सासूच्या मागे उभी राहिली. पुष्पाबाईनं अल्बम उघडला.

पहिलंच पान हळदीचं.

इश्वर पाटावर बसला होता. त्याच्या गालांवर, दंडांवर, छातीवर हळद लावलेली, आणि ती हळद काळपट होती. गाळात हात घालून कोणी त्याला माखावं तशी. पुष्पाबाईचे स्वतःचे दोन्ही तळवे काजळी पुसल्यासारखे. पुढच्या पानावर मावश्या, आत्या, सगळ्या बायका एकमेकींच्या तोंडाला काहीतरी भयंकर फासत होत्या आणि हसत होत्या.

मागे उभ्या सुनेच्या तोंडून निघून गेलं, "आई, हे तं म्हशी लोळल्यावानी दिसते."

"तू गप राय." पुष्पाबाईनं अल्बम मिटला. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "भैय्याभाऊ, हळदीच्या कामात आम्ही काळं लुगडं बी नेसू देत नाही कोणाले. आणि तुम्ही माह्या पोराची हळदच काळी करून आणली. पहिल्या कार्यात."

"कॉम्प्युटरवर एक पोरगी आहे," भैय्यालालच्या तोंडून गेलं. "नवीन आहे. तिच्याच हातून..."

कलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"पोरगी असो का कोणी असो. घेऊन जा." पुष्पाबाईनं पेटी त्याच्याकडे सरकवली. "बोलणीचं मंग पाहू. अशा शकुनावर काय बसावं?"

परतीच्या एसटीत कलाबाई खिडकीकडे तोंड करून बसली. सानगडीचा फाटा येईपर्यंत तिनं एकच वाक्य म्हटलं. "बटन कोणं दाबलं होतं जी?"

रत्नमाला त्याच आठवड्यात परतली. उन्हानं रापलेली, पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या. अल्बम पाहून तिनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे मी नाही केलं."

"बटन तुहं आहे."

"बटन माहं आहे. दाबाले कोणं सांगतलं?"

"तू दाबतेस तवा चालते!"

"मी पाहून दाबतो काका! त्यात पिवळं खाली ओढलं आहे, पांढऱ्या साडीसाठी. हळद पिवळी नाही का? पिवळं खाली ओढलं तं हळद काळी नाही होईन तं का होईन?"

"मंग तसं लिहून ठेवाचं ना त्यावर!"

"लिहाचं? हात लावू नका म्हणून तोंडानं सांगतलं होतं!"

पहिल्यांदाच ती ओरडली होती. पलीकडचा पानठेलेवाला दारात येऊन पाहून गेला. डिंपल आतल्या दाराशी उभी होती, डोळे सुजलेले. तिला पाहून रत्नमालेनं खुर्ची ओढली आणि मूळ फोटो काढायला कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. लाइन नव्हती. ती तशीच काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

लाइन आली तेव्हा तिचंही जमेना. पिवळी पट्टी वर नेली की हळद उजळायची, पण चेहऱ्यात थोडं पिवळं असतंच, तो वाहून जायचा आणि इश्वर आजाऱ्यासारखा दिसायचा. खाली आणली की परत गाळ. मधे ठेवली की हळद अंगाच्याच रंगाची, लावली की नाही तेही कळेना. तिनं सकाळ घालवली, दुपार घालवली. भैय्यालाल मागे स्टुलावर बसून उसासे टाकत होता.

"काका, तुम्ही बाहेर बसता का थोडे?"

तो उठला, पण बाहेर नाही गेला. डार्करूममध्ये धानाच्या पोत्यांमागे हात घालून त्यानं एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात बिस्किटाएवढी, गोल, पिवळी काच होती. ती घेऊन तो आला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरली.

"हे काय करून राहिले?"

"काळ्या-पांढऱ्यात हळद काढाची असली की हे लेन्सवर लावत होतो. हळद अंगावर अशी उजळ उतरे, जशी दुधावरची साय. अंग मात्र अंगासारखं."

"काका, काच इथं नाही चालत."

"काच नाही चालत, माहीत आहे मले! येडा नाही मी. पण तुही पट्टी तं चालते ना? हळद अंगाहून उजळ पायजे. दोन बोटं उजळ. जास्त नाही. अना अंगाची पट्टी दुसरी असन ना, लाल? ते खाली घे."

रत्नमाला त्याच्याकडे पाहत राहिली. मग काच हातातून घेऊन टेबलावर ठेवली. पिवळी पट्टी वर नेली, लाल थोडी खाली.

"अजून."

"बस आता काका."

"अजून जराशी."

"पांढरी पडून राहिली!"

"मंग लाल खाली घे म्हणलं ना! ऐकत काहून नाही व?"

"घेतली. आता?"

"आता थांब."

पडद्यावर इश्वरच्या गालावर हळद होती. हळदीसारखीच, ओली, बोटांच्या रेघा उमटलेली. रेघांखाली गाल गालासारखा होता.

"जतन कर," भैय्यालाल म्हणाला.

"एक मिनिट, कानामागची—"

"जतन कर!"

बटण त्यांनी केलं नाही. भैय्यालालनंच नको म्हटलं. प्रत्येक फोटोला वेगळं भांडण झालं. मावशीची हळद अंगाहून किती उजळ, आत्या मुळातच गोरी तिची किती. मांडवातला फोटो, अंगणातला फोटो. कलाबाई चहा ठेवून जायची आणि गार झालेला परत न्यायची. यादोराव एकदा येऊन दारातूनच परत गेला.

दुसऱ्यांदा साकोलीला जाताना कलाबाईनं रत्नमालेला बरोबर घेतलं. भैय्यालालनं विरोध केला नाही. पुष्पाबाईनं या वेळी पाट मांडला नाही, कुंकूही काढलं नाही. दारातच तिची नजर रत्नमालेवर गेली.

"हेच का ते पोरगी? काळी हळद करणारी?"

रत्नमालेनं तोंड उघडण्याआधी भैय्यालाल बोलला. चिडूनच बोलला, जसा तो हल्ली सगळंच बोलायचा. "ते नाही. बटन मीच दाबलं. ते गावी गेली होती, हात लावू नका म्हणून सांगून गेली होती. तुम्ही रोज फोन करून राहिल्या, माहं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी दाबलं अना मीच तिचं नाव सांगतलं. आता अल्बम पाहा, नाहीतर राहू द्या."

कलाबाईनं डोळे मिटून घेतले. झालं, तिला वाटलं.

पुष्पाबाईनं अल्बम मांडीवर घेतला. पहिलं पान उघडलं आणि त्यावरच थांबली. मागे सून वाकून पाहत होती.

"माह्या हाताच्या शिरा काहून दिसते?" पुष्पाबाई म्हणाली.

"आहेत म्हणून दिसते जी," रत्नमाला म्हणाली.

भैय्यालालनं रत्नमालेकडे डोळे वटारले. पण पुष्पाबाईनं आपला उजवा हात पानाशेजारी धरला, उलटा केला, सुलटा केला. "इश्वर तान्हा होता तवापासून याच हातानं तेल लावलं त्याले," ती कोणाला न उद्देशून म्हणाली. मग पानं उलटत गेली. मावश्यांच्या पानावर हसली. शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्या पानावर आली.

"भैय्याभाऊ, खोटं पहिल्याच दिवशी नाही बोलाचं होतं. मी अपशकुन समजून घरी सुनेले उगाच चार दिवस तोंड वाकडं करून दाखवलं." सून मागे पदरात हसली. "बोलणीले कवा येता? पण डिंपलच्या लग्नाचा अल्बम हेच पोरगी करन. तुम्ही बटनाले हात लावाचा नाही."

"नाही लावत बापा," भैय्यालाल म्हणाला. "पण मंग अल्बम कवा भेटन ते मले इचारू नका."

डिंपल साकोलीला नांदायला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. भैय्यालालला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॅमेरा पेलत नाही. तो दुकानात गल्ल्याशी बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर रत्नमालेच्या नावानं ओरडत असतो. पाटी त्याच्याच नावाची आहे. फोटो काढायलाही आता रत्नमालाच जाते, आणि बुद्धविहारासमोरचे ग्रुप फोटो आंब्याखाली घेते. लग्न तिनं केलं नाही. बहिणीच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या आणि धुरपताला करडीहून आणलं. पिवळी काच तिच्या टेबलावर असते, कागद उडू नयेत म्हणून.

सध्या ती अर्जुनीकडच्या एका लग्नाचा अल्बम करते आहे. लग्न गेल्या वैशाखातलं आहे.